नहरी, पुरे आणि दरवाजे

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, दोन डोंगररांगांच्या मधल्या सखल पट्ट्यात वसले आहे. उत्तरेला लेण्यांचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आणि पश्चिम अंगाने वाहणारी खाम नदी. जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. पाऊस बेताचा आणि नदी उन्हाळ्यात आटणारी. अशा ठिकाणी मोठी वस्ती आपोआप वाढत नाही. तिला पाणी आणून द्यावे लागते. या शहराला ते ज्या वाटेने मिळाले, त्या वाटेवर त्याचे रस्ते पडले. इमारती पडल्या, विकल्या गेल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. रस्त्यांची रेषा मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहिली. पिशोर, नाचनवेल, कन्नड या भागातल्या माणसाला जिल्हा म्हणजे हे शहर: कचेरीतले काम, घाटी रुग्णालयात दाखल केलेला पेशंट, मोंढ्यावर नेलेला माल. तो ज्या रस्त्यांनी शहरात फिरतो त्यांतले कितीतरी साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी आखले गेले.

सुरुवात खडकी या खेड्यापासून होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये येथे राजधानी वसवायला घेतली. मुघलांशी सतत लढाई चालू असताना अहमदनगर हातचे गेले होते आणि दौलताबादचा किल्ला जवळ होता, त्यामुळे जागा सोयीची होती. १६१२ मध्ये त्याने मुघलांवरील विजयाच्या स्मरणार्थ भडकल दरवाजा उभारला. तटबंदी येण्याच्या सत्तर वर्षे आधीचा हा दरवाजा आहे. म्हणून तो तटाच्या ओळीत नाही, शहराच्या आत आहे. त्याच्या जवळच १६१६ च्या सुमारास नौखंडा महाल झाला. जामा मशिदीची सुरुवातही मलिक अंबरच्याच काळातली. जुन्या बाजाराचा भाग या इमारतींच्या भोवती वाढला, आणि आजही तिथल्या गल्ल्या शहरातल्या सर्वांत अरुंद गल्ल्यांपैकी आहेत.

मलिक अंबरचे सर्वांत टिकाऊ बांधकाम जमिनीखाली होते. खडकीत मोठी वस्ती ठेवायची तर विहिरींवर भागणार नव्हते. उत्तरेकडे हर्सूलच्या बाजूला खामच्या खोऱ्यात जमिनीखाली झिरपणारे पाणी त्याने एका भुयारी पाटात गोळा केले आणि उताराच्या जोरावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. खोदाई एका माणसाला वाकून चालता येईल एवढी, बाजूंना बांधकाम आणि वर कमान. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत येणारी तोंडे ठेवलेली होती. तिथून माणूस आत उतरून गाळ काढू शकत असे आणि हवाही खेळती राहत असे. शहरात शिरल्यावर पाणी खापरी नळांतून वाटले जाई. वाटेत जागोजागी उंच चौकोनी मनोरे होते. नळातले पाणी त्यांत चढून दुसऱ्या बाजूने पुन्हा उतरत असे. त्यामुळे नळावरचा दाब सांभाळला जाई, अडकलेली हवा बाहेर पडे आणि मनोऱ्याच्या वरच्या हौदातून बाजूला फाटे काढता येत. यात कुठेही मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. डोंगरापासून हौदापर्यंत सगळे काम उतारच करतो.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशा आणखी नहरी निघाल्या. थत्ते नहर बेगमपुऱ्याकडे आली आणि तिथला पायऱ्यांचा थत्ते हौद तिच्यावर भरू लागला. पळशीची नहर, पाणचक्कीची नहर, गारखेड्याची नहर, अशा बारा-तेरा नहरींची नावे सांगितली जातात. शहराचा नकाशा समजून घ्यायला नहरींचा हा आराखडा सर्वांत आधी पाहावा लागतो. नळ सरळ आणि उताराला धरून न्यावा लागतो. त्याच्यावर घर बांधून चालत नाही, कारण तो दुरुस्तीसाठी उकरावा लागतो. नळाची वाट अशी मोकळी राहिली, आणि मोकळी वाट म्हणजे रस्ता. जिथे नळाचा फाटा फुटे तिथे हौद, हौदाशेजारी मशीद किंवा मंदिर, त्यासमोर बाजार. लोटाकारंजा या मोहल्ल्याचे नाव अशाच एका पाण्याच्या ठिकाणाची खूण सांगते.

१६२१ मध्ये मुघल फौजांनी खडकी जाळली. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर नाव दिले, पण काही वर्षांतच निजामशाही संपली आणि गाव मुघलांकडे गेले. दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये येथे मुख्य ठाणे केले आणि नाव औरंगाबाद ठेवले. इथून तीस वर्षांत शहर ज्या पद्धतीने पसरले ती पद्धत महाराष्ट्रातल्या पेठांपेक्षा निराळी होती.

पुण्याच्या बहुतेक पेठा पेशव्यांच्या काळात एकापाठोपाठ, एकमेकींना लागून बसवल्या गेल्या. औरंगाबादचे पुरे आधी छावण्या होते. दख्खनच्या मोहिमेवर आलेला प्रत्येक सरदार आपल्या फौजेसह तळ टाकी. तळ वर्षानुवर्षे हलत नसे. मग तंबूंच्या जागी घरे, घोड्यांच्या पागा, बाजार, विहीर, देऊळ किंवा मशीद अशी सोय होई. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा कर्णपुरा, पद्मसिंहाचा पदमपुरा, मारवाडच्या जसवंतसिंहाचा जसवंतपुरा, मिर्झा राजांचा जयसिंगपुरा. त्याआधीच्या निजामशाही काळातल्या भोसले घराण्यातल्या सरदारांची नावे मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या पुऱ्यांना मिळाली, असे जुनी गॅझेटियर सांगतात. एकूण ५२ पुरे आणि ५२ दरवाजे हा आकडा लोकांच्या तोंडी कायम आहे. पुरे एकमेकांपासून सुटे होते आणि मध्ये शेते, बागा, कबरस्ताने होती. म्हणून आजही जुन्या शहराच्या बाहेर पडल्यावर एखादी दाट, वळणावळणाच्या गल्ल्यांची वस्ती अचानक लागते आणि पुन्हा सरळ रस्ते सुरू होतात. ती दाट वस्ती बहुधा एखादा जुना पुरा असते. कर्णपुऱ्याच्या तुळजाभवानीची नवरात्रातली यात्रा हे अशा पुऱ्याच्या टिकून राहण्याचे ठळक उदाहरण आहे. तळ उठून तीनशे वर्षे झाली, पण देवीपुढचे मैदान मोकळे राहिले, कारण यात्रेला ते लागते.

बीबी का मकबरा याच काळात, १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. स्थापत्यकार अताउल्ला आणि हंसपत राय ही नावे मुख्य दरवाजावर कोरलेली आहेत. ताजमहालाशी त्याची तुलना इतक्या वेळा झाली आहे की त्याने शहराच्या रचनेवर काय परिणाम केला हे सांगायचे राहून जाते. तो खामच्या पलीकडे आहे. त्याच्या सेवेसाठी, त्याच्या बागेसाठी आणि बांधकामाला लागलेल्या माणसांसाठी नदीपलीकडे वस्ती हवी होती. बेगमपुरा हा नदीपलीकडचा पुरा त्यामुळे जोमाने वाढला, आणि नदी ओलांडणारे पूल शहराच्या रोजच्या जाण्यायेण्याचे भाग झाले.

तट १६८२ मध्ये बांधला गेला, मराठ्यांच्या धाडींपासून शहर राखण्यासाठी. उंची फार नाही, सुमारे १४ फूट. घेर मात्र सहा मैलांहून अधिक. दौलताबादसारख्या किल्ल्याच्या तटाशी त्याची बरोबरी नाही. घोडेस्वारांच्या टोळीला अडवणे आणि जकात चुकू न देणे, एवढे काम त्याने केले. मुख्य चार दरवाजे चार दिशांना: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, ज्याला लोक मकई गेट म्हणतात. याशिवाय रोशन, कटकट, जाफर, महेमूद, बारापुल्ला, काला, रंगीन असे लहानमोठे दरवाजे. तट बांधताना सगळे पुरे आत घेणे शक्य नव्हते. बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा बाहेरच राहिले. तटाने शहराचे दोन भाग केले: आतले, जिथे बाजार आणि कचेऱ्या होत्या, आणि बाहेरचे, जिथे फौजा, बागा आणि मळे होते. किले अर्क हा औरंगजेबाचा महाल १६९२ चा, मकई गेट ते दिल्ली गेट या पट्ट्यात. शहराचा उत्तरेकडचा मोठा तुकडा या एका आवाराने व्यापला, आणि म्हणूनच तिथे गल्लीबोळांची वस्ती झाली नाही. पुढे त्याच भागात सरकारी इमारती आल्या. आज विभागीय आयुक्त कार्यालय दिल्ली गेटजवळ आणि शासकीय कला महाविद्यालय किले अर्कात आहे. सत्ता बदलली तरी सरकारी जागा बहुधा सरकारकडेच राहिली. हिमायत बागेचेही तसेच झाले. दिल्ली गेटजवळची ही शाही बाग कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे गेली आणि त्यामुळे शहराच्या मध्यावर झाडी शिल्लक राहिली.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि खुलताबादला दफन झाला. पुढे निजामुल्मुल्क आसफजाहने आपले राज्य उभारले तेव्हा राजधानी औरंगाबादच होती. या काळातल्या दोन बांधकामांकडे नीट पाहिले तर शहर कसे चालत होते हे कळते.

पहिले शहागंजची मशीद, सुमारे १७२० ची. ती उंच जोत्यावर आहे. तीन बाजूंना जोत्याच्या पोटात दुकाने आहेत आणि चौथ्या, उत्तरेच्या बाजूने पायऱ्या चढून वर जाता येते. म्हणजे वर प्रार्थना, खाली बाजार. दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागतो, आणि मशिदीच्या हौदात नहरीचे पाणी येत असल्याने बाजाराला पाणी मिळते. शहागंज हा शहरातला मोठा बाजारचौक तेव्हापासून आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घड्याळाचा मनोरा उभा राहिला. मशीद, दुकाने आणि मनोरा यांची कामे वेगळी, काळ वेगळे. चौक मात्र एकच आणि सतत भरलेला.

दुसरे पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खामच्या काठी, महेमूद दरवाजाला लागून ती आहे. १७४४ मध्ये तुर्कताजखान या सरदाराने ती बांधवली. काही मैलांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येते, एका उंच भिंतीत चढते आणि वरून धबधब्यासारखे पडते. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खालचे चाक फिरे आणि चाकावरच्या जात्यात पीठ निघे. त्या पिठावर दर्ग्यातले शिष्य, वाटसरू आणि गरीब जेवत. समोरचा मोठा हौद काही वर्षांनी जोडला गेला. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली माणसे बसायची आणि गारवा टिकायचा. दगड, चुना आणि पाण्याचा दाब यांचे गणित किती अचूक होते हे त्या दालनाच्या छताकडे पाहून पटते; अडीचशे वर्षे त्याने डोक्यावर पाण्याचे ओझे घेतले आहे.

१७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला हलवली. राजधानीबरोबर दरबारी, सराफ, कारागीर, फौज हळूहळू गेली. घरे ओस पडली, बागा वाळल्या, पुऱ्यांच्या भिंती ढासळल्या आणि त्यांचे दगड दुसऱ्या घरांना लागले. पण याच मंदीने जुने रस्ते वाचवले. वस्ती घटली तेव्हा रुंदीकरणाची गरज कोणाला पडणार? जे उरले ते जसेच्या तसे दीडशे वर्षे राहिले. या काळातले घर साधारण असे: काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब आणि तुळया, विटांच्या किंवा मातीच्या भिंती, वर मातीचे माळवद. रस्त्याकडे ओटा, ओट्यामागे ओसरी, मध्ये चौक, चौकाभोवती खोल्या. उन्हाळ्यात माणसे माळवदावर झोपत. हिमरू आणि मशरू विणणाऱ्यांच्या घरांत माग बाहेरच्या खोलीत असे. व्यापाऱ्यांच्या वाड्यांत पुढचा भाग दुकान, मागचा संसार. गुलमंडी, सराफा, कासारी बाजार, रंगारगल्ली, राजाबाजार, मछली खडक या बाजारगल्ल्यांत धंद्याप्रमाणे घरांची रचना थोडीफार बदले. राजाबाजारातला संस्थान गणपती आणि गुलमंडीवरचा सुपारी हनुमान हे या वस्तीचे देव. मिरवणुकीचा मार्ग त्यांना धरून ठरला आणि तो मार्ग आजही फारसा बदललेला नाही.

इंग्रजांची छावणी खामच्या पश्चिमेला पडली. हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी तिथे असत. बेगमपुऱ्याशेजारून छावणीत गेल्यावर रस्ते एकदम सरळ आणि रुंद होतात, बंगल्यांभोवती मोकळी आवारे दिसतात. सरळ रस्त्यांची आखीव वस्ती शहराला इथे पहिल्यांदा दिसली. १८५७ मध्ये या कंटिंजंटच्या घोडदळातल्या शिपायांनी बंड केले. पकडल्या गेलेल्यांना काळ्या चबुतऱ्याजवळ फासावर आणि तोफेच्या तोंडी दिले गेले. ती जागा तेव्हा शहराबाहेरचे माळरान होती. आता तो क्रांती चौक आहे, शहरातला बहुधा सर्वांत वर्दळीचा चौक, आणि मध्ये शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. शहराबाहेर समजली जाणारी जागा मधोमध कशी आली, हे पुढच्या दोन घटनांवरून समजते: रेल्वे आणि जायकवाडीचे धरण.

१८८९ मध्ये शहरात कापसाची गिरणी निघाली. १९०० मध्ये मनमाडहून निघालेली निजामाची मीटरगेज लाईन औरंगाबादला पोहोचली. लाईनला सपाट जमीन हवी होती, म्हणून ती शहराच्या दक्षिणेकडून गेली आणि स्टेशन पैठण गेटपासून बरेच लांब, माळावर झाले. तोवर शहराचे तोंड उत्तरेला होते: पाणी उत्तरेकडून, दिल्लीचा रस्ता उत्तरेकडे, महाल उत्तरेला. स्टेशनमुळे दक्षिणेचा पैठण गेट महत्त्वाचा झाला. स्टेशनवर उतरणारा माल आणि माणूस पैठण गेटमधून टिळक पथाने गुलमंडीकडे आणि तिथून सिटी चौकाकडे जाऊ लागला. हा सलग पट्टा शहराचा कणा झाला. जाफर गेटजवळचा मोंढाही याच काळात जोर धरू लागला. तरीही वाढ मंद होती. १९०१ च्या जनगणनेत छावणी धरून लोकसंख्या सुमारे ३७ हजार होती. आजच्या हिशेबाने ते एक लहान शहर होते, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी जाता येण्याजोगे.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन होईपर्यंत ही स्थिती फारशी बदलली नाही. बदलाची सुरुवात शिक्षणाने झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तटाबाहेर, नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर नागसेनवन उभे राहिले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेत गेले नव्हते अशी मुले इथे येऊन राहू लागली. १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. विद्यापीठ लेण्यांच्या पायथ्याशी, मकबऱ्याच्या मागच्या अंगाला झाले. १९९४ मध्ये, दीर्घ आंदोलनानंतर, त्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. मुघल काळात छावण्या आणि बागांसाठी राखलेली नदीपलीकडची जमीन अशी विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली. मकई गेट आणि महेमूद दरवाजाच्या कमानींतून सायकलींची रांग सुरू झाली आणि घोडा, पालखी, बैलगाडी यांच्या मापाने बांधलेल्या या कमानी पहिल्यांदा अपुऱ्या पडू लागल्या.

त्यानंतर कारखाने आले. १९६० च्या दशकात स्टेशनजवळ आणि चिकलठाण्याला औद्योगिक वसाहती झाल्या, १९८० च्या दशकात वाळूजला. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. चिकलठाणा पूर्वेला, वाळूज नैर्ऋत्येला. दोन्हींना जोडणारी वाहतूक जुन्या शहरातून जाणे शक्यच नव्हते, ती दक्षिणेकडून बाहेरून गेली. हाच आजचा जालना रोड. त्यावर विमानतळ, न्यायालय, हॉटेले, बँका, शोरूम आल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झाले तेही पुढे याच रस्त्यावर बसले. गुलमंडीवर असलेला शहराचा केंद्रबिंदू पंचवीस वर्षांत दोन-अडीच किलोमीटर दक्षिणेला सरकला.

हे सरकणे पाण्याशिवाय घडले नसते. नहरींचे पाणी उताराने येई, म्हणून ते ठरावीक उंचीच्या वर आणि ठरावीक अंतराच्या पुढे जाऊ शकत नसे. वस्तीची मर्यादा नहरीने घातली होती. हर्सूलच्या तलावाने थोडी भर घातली, पण तीही उत्तरेकडूनच. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा जलाशय, नाथसागर, शहरापेक्षा बराच खाली आणि चाळीस-पन्नास किलोमीटर दूर आहे. तिथून पाणी पंपाने वर चढवून आणावे लागते. पंपाने पाणी आणायचे ठरले की उताराचे बंधन सुटते. टाकी जिथे बांधाल तिथे वस्ती करता येते. तीनशे साठ वर्षे उत्तरेकडून येणारे पाणी आता दक्षिणेकडून येऊ लागले आणि शहर त्या दिशेने फिरले.

याची सर्वांत आखीव खूण म्हणजे सिडको. १९७० च्या दशकात सिडको या राज्याच्या शहरनियोजन महामंडळाने जुन्या शहराच्या पूर्वेला नवे औरंगाबाद आखले. एन-१ पासून पुढे आकड्यांचे विभाग, प्रत्येकात बाग, शाळा, छोटा बाजार, रस्त्यांची उतरंड: मोठा, मधला, गल्लीचा. घरे लहान गटांत, कामगार आणि मध्यमवर्गीयांना परवडतील अशी. पुऱ्यांना सरदारांची नावे मिळाली होती, इथे पत्ता अक्षर आणि आकड्यांत सांगायचा. रस्ते आधी आणि घरे नंतर, हा क्रम शहराने छावणीनंतर इथे पुन्हा पाहिला. तो क्रम चांगला होता. सिडकोत आजही चार चाकी समोरासमोर निघतात, पावसाचे पाणी वाहून जाते, झाडे आहेत. २००६ मध्ये हा भाग महापालिकेकडे गेला.

बाकी शहर मात्र उलट क्रमाने वाढले. ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिका झाली आणि हर्सूल, चिकलठाणा, मुकुंदवाडी, गारखेडा, पडेगाव अशी अठरा खेडी तिच्यात आली. कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना सिडकोतले घर मिळणे कठीण होते. शेतकऱ्यांनी शेते गुंठ्यागुंठ्याने, साध्या बाँडवर विकली. एका शेताचा बांध तोच गल्लीचा शेवट झाला. दुसऱ्या शेतकऱ्याने आपली गल्ली त्याच्या रेषेत ठेवली नाही. गुंठेवारीतल्या गल्ल्या म्हणून अचानक बंद होतात, तिरक्या मिळतात, वीस फुटांवरून आठ फुटांवर येतात. तिथला नकाशा म्हणजे जुन्या सातबाऱ्याचा नकाशा. घर आधी, रस्ता नंतर, नळ त्याही नंतर, ड्रेनेज शेवटी. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. कागद नियमित होऊ शकला, गल्लीची रुंदी तेवढीच राहिली. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ८ लाख ७३ हजार होती, २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार. एकशे दहा वर्षांत तीसपटीहून अधिक वाढलेल्या या लोकसंख्येचा मोठा भाग अशा वस्त्यांत राहतो, आणि शहराचा इतिहास लिहिताना मकबऱ्याइतकीच जागा या गल्ल्यांना मिळायला हवी.

जुन्या शहरात याच काळात इमारती बदलल्या. वाड्यांचे हिस्से झाले. भावाभावांत वाटणी होताना चौक मधून भिंत घालून तोडला गेला, पुढच्या ओसरीला शटर लागले, ओटा दुकानाच्या पायरीत गेला. माळवद काढून स्लॅब पडला आणि स्लॅबवर आणखी एक मजला. लाकडी खांब जुन्या सामानाच्या बाजारात विकले गेले. गुलमंडीवर वर मान करून पाहिले तर काही ठिकाणी काचेच्या दर्शनी भागावर जुन्या वाड्याच्या सज्ज्याचे कोरीव ब्रॅकेट अजून दिसतात. औरंगपुऱ्यात नाल्यावर बाजार बसला. मोंढ्याचा मोठा कारभार जाधववाडीच्या मार्केट यार्डात हलला, पण जाफर गेटची दुकाने आणि रविवारचा बाजार तिथेच राहिला. नहरींचे हाल याच वर्षांत सर्वाधिक झाले. ज्या मोकळ्या पट्ट्यांखालून त्या जात होत्या तिथे बोअर घेतले गेले, पाया खणताना कमानी फुटल्या, जड वाहनांखाली खापरी नळ दबले, तोंडांत कचरा पडला. त्या नहरींच्या आधारावरच हे रस्ते पडले होते, हे खोदणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

तट आणखी आधीपासून जात होता. काही ठिकाणी दगड लोकांनी नेले, काही ठिकाणी रस्त्यासाठी तो पाडला गेला. दरवाजे मात्र तटाशिवाय उभे राहिले. पैठण गेट बाजाराच्या मध्ये आहे आणि वाहने दोन्ही बाजूंनी वळसा घेतात. दिल्ली गेटच्या बाजूने रस्ते काढून कमान मोकळी केली गेली. भडकल गेटला चौकाचे रूप आले. नदीवरचे दरवाजे जास्त अडचणीत आहेत, कारण तिथे कमान आणि पूल एकच बांधकाम आहे. मकई गेट, महेमूद दरवाजा, बारापुल्ला गेट यांच्या पुलांवरून शतकानुशतके वाहतूक गेली, कमानींना धक्के बसले आणि शेजारी नवे पूल मागितले गेले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची आणि शहागंजच्या मनोऱ्याची डागडुजी झाली, खामच्या पात्रातला कचरा काढून काठ बांधण्याचे कामही सुरू झाले. हे काम उशिरा का होईना आले, पण दरवाजा एकटा सुशोभित करून भागत नाही. त्याच्याखालून जाणारा रस्ता, त्याच्या पायथ्याशी असलेला पूल आणि नदी यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण ते बांधले गेले तेच एकत्र.

रुंदीकरणाची मोहीम आता बाहेरच्या रस्त्यांवर आहे. २०२५ मध्ये महापालिकेने जालना रोड, पैठण रोड यांसारख्या मुख्य रस्त्यांवरची, विकास आराखड्याच्या रुंदीत आलेली बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. गुंठेवारीच्या काळात पुढे आलेली दुकाने त्यात गेली. त्याच पैठण रोडने नव्या पाणीयोजनेची मोठ्या व्यासाची जलवाहिनी येते. २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांची ही योजना मंजूर झाली आणि पुढे खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. जायकवाडीपासून शहरापर्यंत नळ टाकणे, डोंगराकडच्या आणि सातारा-देवळाईकडच्या टाक्या भरणे आणि गल्लोगल्ली नव्या वाहिन्या नेणे, असे तिचे तीन टप्पे. शेवटच्या टप्प्यात जवळजवळ प्रत्येक रस्ता खोदला जातो: सिडकोचे आखीव रस्ते, गुंठेवारीतल्या आठ फुटी गल्ल्या आणि जुन्या बाजारातल्या, नहर-ए-अंबरीच्या नळांवरून गेलेल्या वाटाही.